नाताळच्या दिवसांत व्हिएन्ना: सहलीआधी हमखास विचारले जाणारे प्रश्न

गणपती उरकले की व्हिएन्नात राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींचे फोन वाजू लागतात. मावसभावाच्या मित्रापासून जुन्या शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना डिसेंबरात इकडे यायचं असतं, आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. तारखांचा प्रश्न पहिला घेतलाय, कारण सहल जमणार की फसणार हे तिथेच ठरतं.

नाताळ बघायचा म्हणजे २४-२५ डिसेंबरलाच यायला हवं ना?

नाही. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि तरीही निम्मे लोक चोवीस तारखेचंच तिकीट काढतात.

व्हिएन्नातली धामधूम असते ती नाताळच्या आधी. २५ डिसेंबरच्या आधीच्या चौथ्या रविवारी ॲडव्हेंट, म्हणजे नाताळची वाट बघण्याचा काळ, सुरू होतो. घराघरांत चार मेणबत्त्यांचं हिरव्या डहाळ्यांचं कडं ठेवतात आणि दर रविवारी एक मेणबत्ती जास्त लावतात. नाताळचे बाजार, रोषणाई, चर्चमधली गाणी, ऑफिसातल्या लोकांचं संध्याकाळी चौकात जमून ‘पंच’ नावाचं गरम पेय पिणं, हे सगळं या चार आठवड्यांतलं. २४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास दुकानं बंद होतात आणि शहर घरी जातं. त्या संध्याकाळी झाड उजळतं, मुलांना भेटवस्तू मिळतात, घरची माणसं एकत्र जेवतात. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाजारपेठ रिकामी होऊन सगळे आपापल्या घरी असतात, तसंच समजा. आणि या घरांत पाहुण्याला सहसा जागा नसते. २५ आणि २६ या दोन्ही दिवशी सरकारी सुट्टी, दुकानं बंद.

गोव्यातला किंवा वसईतला नाताळ ज्यांनी पाहिलाय, त्यांना मध्यरात्रीच्या मिसानंतरची, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतरची वर्दळ, घरोघरी जाणं, कुसवारची म्हणजे नाताळच्या फराळाची ताटं आठवत असतात. ते डोळ्यांसमोर ठेवून इथे २४ तारखेला रात्री उतरलात, तर ओस रस्ते बघून मन खट्टू होईल.

मग नेमक्या कोणत्या तारखा धराव्यात?

मोठे बाजार नोव्हेंबरच्या मध्यापासून उघडतात. माझी पसंती ९ ते २० डिसेंबर, आणि त्यातही सोमवार ते गुरुवार. शुक्रवार-शनिवारी संध्याकाळी राटहाउससमोर, म्हणजे टाउनहॉलसमोर, पाय ठेवायला जागा नसते. ८ डिसेंबरला इथे सरकारी सुट्टी असते पण दुकानं मात्र उघडी असतात, त्यामुळे अख्खा ऑस्ट्रिया खरेदीला बाहेर पडतो. तो दिवस संग्रहालयात घालवा.

मुलांच्या शाळेमुळे २३-२४ शिवाय निघताच येत नसेल, तर मन मारून ‘नाताळ’ गाठण्यापेक्षा २६ डिसेंबर ते २ जानेवारी असा बेत करा आणि नववर्षाचं व्हिएन्ना बघा. राटहाउसचा बाजार २६ तारखेपर्यंत असतो. कार्ल्सप्लात्झ आणि श्पिटेलबर्गचे बाजार २३ लाच उठतात, पण शोनब्रुन आणि बेल्व्हेडेर या राजवाड्यांसमोरचे बाजार नाताळानंतरही चालू असतात. नेमक्या तारखा दरवर्षी थोड्या सरकतात, म्हणून तिकीट काढण्याआधी त्या वर्षीच्या बघून घ्या.

व्हिसासाठी कधीपासून हालचाल करावी?

शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या सामाईक व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. म्हणजे डिसेंबरच्या सहलीचा अर्ज जूनपासून. पंधरा दिवसांच्या मर्यादेवर विसंबू नका. दिवाळीच्या आसपास अपॉइंटमेंट मिळणं हीच मोठी अडचण होऊन बसते. ऑगस्ट-सप्टेंबरात काम उरका.

शुल्क मोठ्यांसाठी ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी ४५, त्याहून लहानांना माफ. सेवाकेंद्राचं शुल्क वेगळं. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला. ऑस्ट्रिया, चेक, हंगेरी असा दौरा असेल तर जिथे मुक्काम जास्त त्या देशाकडे अर्ज. मुक्काम सारखेच असतील तर जिथे आधी प्रवेश कराल तिथे. बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, रजेचं पत्र या सगळ्यांतल्या तारखा एकमेकींशी जुळू द्या. अर्ज अडकतात ते बहुतेक वेळा रकमेपेक्षा विसंगतीमुळे.

बाजार म्हणजे नेमकं काय? सगळे सारखेच असतात का?

लाकडी टपऱ्यांची जत्रा म्हणा. मेणबत्त्या, काचेचे गोळे, लोकरीच्या टोप्या, आल्याचा वास येणारी बिस्किटं, खायची-प्यायची सोय. इथे डिसेंबरच्या बाजाराची परंपरा तेराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मागे नेतात. पण सारखे मात्र नाहीत, आणि इथेच लोक चुकतात: एकच मोठा बाजार बघून परत जातात.

राटहाउसप्लात्झचा बाजार सर्वांत मोठा. हा इथे १९७५ पासून भरतो. मागे टाउनहॉलचा उंच मनोरा, समोर ऑस्ट्रियातल्या एखाद्या प्रांताने भेट दिलेलं प्रचंड झाड, बागेतल्या झाडांवर लटकवलेले दिवे, बर्फावर घसरायची जागा. एकदा बघावाच. पण खरेदी तिथे करू नका. तिथल्या बऱ्याच वस्तू कारखान्यातल्या असतात.

खरेदीसाठी कार्ल्सप्लात्झ. कार्ल्सकिर्खे या हिरव्या घुमटाच्या चर्चसमोर हा बाजार भरतो आणि इथे कारागिरांची निवड करून मगच जागा देतात. विणकर, कुंभार, दागिने घडवणारे स्वतः टपरीत बसलेले असतात, हातातलं काम चालू असतं. खाणं सेंद्रिय. लहान मुलांसाठी मधोमध गवताच्या पेंढ्यांचं मोकळं रान असतं, तिथे ती हवी तेवढी लोळतात. मला विचाराल तर एकच बाजार बघायचा असेल तर हा बघा.

श्पिटेलबर्ग म्हणजे जुन्या घरांमधल्या अरुंद, दगडी फरशीच्या गल्ल्या. संध्याकाळी पाचनंतर तिथे खांद्याला खांदा लागतो, म्हणून दुपारी दोन-तीनला जा. शोनब्रुनला अंधार पडताना जा, पिवळा राजवाडा उजळलेला असतो. मारिया-थेरेझिएन-प्लात्झचा बाजार दोन जुळ्या संग्रहालयांच्या मधे आहे. त्याचा फायदा असा की बोटं गारठली की आत शिरता येतं. कलासंग्रहालयात ब्रॉयगेलचं १५६५ सालचं ‘बर्फातले शिकारी’ हे चित्र आहे. बाहेरच्या थंडीतून येऊन त्या चित्रातल्या गोठलेल्या तळ्यावर खेळणारी माणसं बघणं, ही या मोसमातली माझी सर्वांत आवडती गोष्ट. समोरच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात १९०८ साली सापडलेली विलेनडोर्फची ‘व्हीनस’ ही मूर्ती आहे, जेमतेम ११ सेंटिमीटरची.

ते गरम पेय मगात देतात, तो मग ठेवून घ्यायचा का?

हवा असेल तर. ग्लूव्हाइन म्हणजे दालचिनी-लवंग घालून गरम केलेली लाल वाइन. पंच त्याहून गोड, बहुतेकदा रम घातलेला. पैसे देताना मगाची अनामतही घेतात, त्याला इथे ‘फांड’ म्हणतात. त्याच बाजारातल्या कोणत्याही टपरीवर मग परत दिला की ते पैसे हातात. बाजारागणिक मगाचं चित्र वेगळं असतं आणि सहसा त्यावर सालही छापलेलं असतं, त्यामुळे आठवण म्हणून मग नेणाऱ्यांची अनामत हीच किंमत. दारू नको असेल तर ‘किंडरपुंश’ मागा. नाव मुलांचं असलं तरी मोठेही तो बिनदिक्कत पितात.

आम्ही शाकाहारी आहोत. उपासमार तर होणार नाही ना?

अजिबात नाही. बाजारात तर मजा आहे. कोळशावर भाजलेले चेस्टनट, इथे त्यांना ‘मारोनी’ म्हणतात, कागदाच्या पुड्यात मिळतात आणि हातही ऊबदार राहतात. किसलेल्या बटाट्याचे तळलेले ‘कार्टोफेलपुफर’ लसणीच्या चटणीबरोबर घ्या. उपवासाच्या थालीपिठाची आठवण येईल, पण त्यात बहुतेकदा अंडं असतं हे लक्षात असू द्या. ‘लांगोश’ ही हंगेरीची तळलेली भाकरी, वरून लसूण फासलेली. ‘केझेश्पेट्सले’ म्हणजे चीजमध्ये घोळवलेले पिठाचे छोटे गोळे, पोटभरीचे. गोडात आलुबुखाराच्या मुरंब्याबरोबरचा ‘कायझरश्मारन’ (जाड गोड धिरड्याचे तुकडे), ‘गेर्मक्न्योडेल’ हा वाफवलेला गोळा आणि ॲपल स्ट्रूडेल.

सावध राहायचं ते सूप आणि बटाट्याच्या पदार्थांबाबत. त्यांत ‘श्पेक’ म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात आणि विक्रेत्याला ते सांगण्यासारखं वाटत नाही. ‘ओने फ्लाइश, ओने श्पेक’ म्हणजे मांस नको, श्पेक नको, एवढं पाठ करा. अंडं चालत नसेल तर ‘ओने आय’ हेही. जैन मंडळींनी स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंटच घ्यावं.

चोवीसच्या संध्याकाळी आम्ही तिथेच असू. काय करायचं?

आधी जेवणाचं बघा. सुपरमार्केट दुपारी बंद होणार आणि मग थेट २७ ला उघडणार. २७ ला रविवार आला तर आणखी एक दिवस पुढे, कारण रविवारी इथे दुकानं बंदच असतात. दूध, ब्रेड, फळं, मुलांचं खाणं २३ लाच आणून ठेवा. अडलंच तर मोठ्या रेल्वेस्थानकांतली काही दुकानं उघडी असतात. रात्रीच्या जेवणासाठी हॉटेलातल्या रेस्टॉरंटात आधी टेबल राखा. ऐनवेळी दारोदार फिरून बंद पाट्या वाचायची वेळ आणू नका.

मग दुपारी शोनब्रुनला जा. राजवाडा वर्षाचे ३६५ दिवस उघडा असतो. संध्याकाळी शहराच्या मध्यभागातून पायी फिरा. ग्राबेन रस्त्यावर झुंबरांच्या आकाराची रोषणाई असते आणि त्या संध्याकाळी तिच्याखाली गर्दी नसते. वर्षभरात तो रस्ता इतका मोकळा क्वचितच मिळतो. मध्यरात्री सेंट स्टीफन कॅथीड्रलमध्ये मिसा असतो. धर्म कोणताही असो, शांतपणे बसणाऱ्याला कुणी अडवत नाही. मात्र बऱ्याच आधी पोचा, फोटोसाठी उठबस करू नका. ती तिथल्या लोकांची प्रार्थना आहे.

सांताक्लॉज कुठे भेटेल? मुलं विचारतायत.

इथे भेटवस्तू आणतो तो ‘क्रिस्टकिंड’, म्हणजे बाळ येशू, आणि तोही कुणाला न दिसता. ६ डिसेंबरला संत निकोलस येतो, बिशपची उंच टोपी आणि काठी घेऊन, मुलांना शेंगदाणे, संत्री, चॉकलेट देतो. त्याच्या आदल्या रात्री त्याचा साथीदार क्रांपुस फिरतो: शिंगं, केसाळ अंग, घंटा, हातात फोक. काही ठिकाणी क्रांपुसच्या मिरवणुका निघतात. पाच-सहा वर्षांची मुलं त्याला खरोखर घाबरतात, तेव्हा पहिल्या रांगेत उभे राहू नका.

मुलांसाठी आणखी एक चांगली गोष्ट: कलासंग्रहालय, निसर्गविज्ञान संग्रहालय, आल्बर्टीना, बेल्व्हेडेर यांत १९ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे. पासपोर्टची प्रत जवळ ठेवा.

थंडी किती? बर्फ पडेल का?

तापमान शून्याच्या आसपास, दिवसा तीन-चार अंश, रात्री उणे. बर्फ पडेलच असं नाही. राखाडी आभाळ आणि भुरभुर पाऊस यांची तयारी जास्त हवी. हमखास बर्फ हवा तर डोंगराकडे जावं लागेल.

पुण्या-मुंबईहून येणारे जाडजूड जाकीट आणतात आणि पायांकडे दुर्लक्ष करतात. बाजारात तुम्ही तासन्‌तास दगडी फरशीवर उभे असता, थंडी तळव्यांतून चढते. जाड तळव्याचे, पाणी न शिरणारे बूट आणि लोकरीचे मोजे यांवर खर्च करा. अंगावर आत थर्मल, मधे लोकर, वर वारा अडवणारं जाकीट. सगळीकडे आत हीटिंग जोरात असतं, त्यामुळे झटपट उतरवता येतील असे थर बरे पडतात.

आणि उजेडाचा हिशेब ठेवा. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चारलाच मावळतो. सकाळी उशिरा उठणाऱ्या कुटुंबाच्या हाती उजेडाचे चार-पाच तास उरतात. राजवाडे, बागा सकाळी. बाजार अंधार पडल्यावर.

आई-बाबा सत्तरीचे आहेत. झेपेल का?

झेपेल, पण दिवसाला एकच बाजार. टपऱ्यांपाशी बसायला जागा नसते, उंच टेबलांभोवती उभं राहूनच खातात. बाजारानंतर एखाद्या जुन्या कॉफीहाउसमध्ये शिरा. एका कॉफीवर दोन तास बसलात तरी कुणी उठवत नाही, कॉफीबरोबर पाण्याचा पेला येतो, कोट अडकवायला खुंटी असते. मेट्रोच्या स्थानकांना लिफ्ट आहे. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह पुरेशी आणा, रुग्णवाहिकेसाठी १४४.

न्यू इयर कॉन्सर्टचं तिकीट मिळेल का?

१ जानेवारीला सकाळी सव्वाअकराला म्युझिकफेराइनच्या सुवर्णसभागृहात व्हिएन्ना फिलहार्मोनिकची जी मैफल होते, तिची तिकिटं सोडतीने मिळतात. त्यासाठीची नोंदणी जवळपास वर्षभर आधी, आदल्या वर्षाच्या सुरुवातीलाच होते. ३० आणि ३१ डिसेंबरलाही तोच कार्यक्रम होतो आणि त्यांचीही सोडत असते. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता याच शहरात संगीत शिकले आणि त्यांनी ही मैफल १९९० पासून २०१५ पर्यंत पाच वेळा संचालित केली. आपल्याकडच्या माणसाला अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे.

तिकीट नाही मिळालं तर हळहळू नका. श्टाट्सऑपर या सरकारी ऑपेरागृहात उभं राहून बघायची स्वस्त तिकिटं असतात. लोक कठड्याला मफलर बांधून आपली जागा राखतात आणि मध्यंतरात निर्धास्त बाहेर जातात, तो मफलर कुणी सोडत नाही. मात्र रस्त्यावर मोझार्टच्या पोशाखात तिकिटं विकणाऱ्यांकडून काही घ्यायच्या आधी सभागृहाचं नाव विचारा. ते विकतात त्या बहुतेक पर्यटकांसाठीच्या मैफली असतात आणि दर चढे असतात.

एकतीसच्या रात्री काय असतं?

जुन्या शहरात ठिकठिकाणी मंच, गाणी, ग्राबेनवर वॉल्ट्झ या नाचाचे धडे. दुकानात मार्झिपानची, म्हणजे बदामाच्या मिठाईची, गुलाबी डुकरं मिळतात, ती शुभ मानून एकमेकांना देतात. बारा वाजता सेंट स्टीफनची ‘पुमेरिन’ घंटा वाजते. ती वीस टनांहून जड आहे. मूळची १७११ साली तुर्कांच्या तोफा वितळवून ओतली होती, १९४५ च्या आगीत कोसळून फुटली, आणि त्याच धातूतून १९५१ मध्ये पुन्हा ओतली गेली. तिचा ठोका संपतो आणि ‘ब्लू डॅन्यूब’ ही वॉल्ट्झची धून सुरू होते, माणसं असतील तिथे, कोट-बुटांसकट नाचू लागतात. त्या रात्री मेट्रो चालू असते. चौकात मात्र अकराच्या आत पोचा.

शहरात फिरायला काय घ्यावं?

मेट्रो, ट्राम, बस यांना एकच तिकीट चालतं. काही दिवसांचा पास घ्या. स्थानकावर फाटक नसतं, म्हणून तिकीट नको असं समजू नका. कागदी तिकिटावर तारीख नसेल तर निळ्या यंत्रात शिक्का मारून घ्या, न मारलेलं तिकीट धरत नाहीत आणि दंड जबर आहे. विमानतळावरून साधी उपनगरी गाडी एस-७ साधारण पंचवीस मिनिटांत शहरात आणते. महागड्या खास गाडीत वाचतात ती जेमतेम दहा मिनिटं.

कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, पण टपऱ्यांसाठी आणि स्वच्छतागृहासाठी सुटे युरो खिशात ठेवा. गर्दीत पाठीवरची सॅक पुढे घ्या.

साल्झबुर्ग जोडावं का?

दिवस चार किंवा जास्त असतील तर नक्की. रेल्वेने अडीच तास. तिथून जवळच्या ओबर्नडोर्फ गावात २४ डिसेंबर १८१८ रोजी ‘सायलेंट नाइट’ पहिल्यांदा गायलं गेलं, शब्द योजेफ मोरचे, चाल फ्रान्त्स क्सावर ग्रूबरची. ते चर्च आता नाही, त्या जागी छोटं प्रार्थनामंदिर आहे. तीनच दिवस असतील तर व्हिएन्नाच सोडू नका.

आठवण म्हणून काय न्यावं?

हलवल्यावर आत बर्फ पडतो तो काचेचा गोळा. त्याचा जन्म इथला. १९०० च्या सुमारास एर्व्हिन पेर्त्सी हे शस्त्रक्रियेची अवजारं बनवणारे कारागीर विजेच्या दिव्याचा उजेड वाढवायच्या खटपटीत होते. पाणी भरलेल्या काचेच्या गोळ्यात त्यांनी चक्क रवा टाकून बघितला. उजेड काही वाढला नाही, पण तरंगत खाली बसणारे कण बर्फासारखे दिसले. मग त्यांनी आत मारियात्सेलच्या चर्चची छोटी प्रतिकृती ठेवली. हेर्नाल्स भागात त्यांच्या वंशजांचा कारखाना आजही चालतो, सोबत छोटं संग्रहालय आहे. स्वस्तातल्या गोळ्यापेक्षा तिथला बर्फ बराच वेळ तरंगत राहतो, दोन्ही शेजारी धरून हलवलेत की फरक दिसतो.

एका दुकानातली एका बिलाची खरेदी ७५ युरोंच्या वर गेली तर करपरताव्याचा कागद मागून घ्या, आणि विमानतळावर सामान आत देण्याआधी कस्टमचा शिक्का मारून घ्या. आणि तो काचेचा गोळा हातातल्या बॅगेत ठेवू नका. त्यात पाणी असतं, सुरक्षातपासणीत काढून घेतात. लोकरीच्या मोज्यात गुंडाळून मोठ्या बॅगेच्या मधोमध ठेवा.